रुग्सा म्हणजे रुसवा नव्हे

मुंबईहून आल्यापासून आमच्या वस्तीतल्या बायका दारात गाठून विचारतात, "राणीची बाग पाहिली का? गेटवे पाहिलं का? एखादा नट तरी दिसला का?" नट दिसला, त्याचं पुढे सांगते. बाकीचं काही पाहिलं नाही. मी मुलुंड पाहिलं, घाटकोपर पाहिलं, आणि वेसाव्याहून होडीत बसून मढ नावाच्या गावाला जाऊन आले. येताना तिथून सुके बोंबील आणले आणि एक शब्द आणला. बोंबील वाटून संपले. शब्द उरलाय, तो आता तुम्हाला देते.

जायचं कारण असं. माझा धाकटा भाऊ प्रभाकर मुलुंडला राहतो. औषधांच्या कारखान्यात टाइमकीपर होता, आता घरीच असतो आणि रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या पोरांना शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवतो. त्याची एकुलती एक लेक करुणा, वेसाव्याच्या बर्फाच्या कारखान्यात टायपिस्ट. होड्यांना बर्फ लागतो, तो घ्यायला मढचा एक कोळी ख्रिस्ती पोरगा यायचा, पास्कल. बर्फ वितळायच्या आत न्यायचा असतो म्हणे, पण हा टायपिस्टच्या टेबलापाशी रेंगाळायचा. पुढचं तुम्ही ओळखलंच. लग्न ठरलं, मढच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये. आणि प्रभाकरने जाहीर केलं की मी येणार नाही.

माझी भावजय कुसुम हिने आमच्या किराणा दुकानाच्या फोनवर ट्रंक कॉल लावला. "वन्सं, तुम्ही या. तुमचं ऐकतील. नाहीतर पोरीचा हात धरून देवळात न्यायला तिचा मामा आणावा लागेल. बाप जिवंत असून!"

मी हुरड्याची कणसं फडक्यात बांधली, गूळ घेतला, आणि निघाले. जानेवारीचे दिवस. आमच्याकडे शेतात हुरड्याच्या आगट्या पेटल्या होत्या.

मुलुंड

घरात शिरले तर काय, बाप-लेकीचं बोलणं बंद! एकाच टेबलाला जेवायला बसायची आणि मधे कुसुम दुभाषी.

"आई, पप्पांना विचार मीठ हवंय का."

"कुसुम, तिला सांग मीठ पुरेसं आहे."

मीठ प्रभाकरच्या हातापाशीच होतं. मला हसू आवरेना. पण जेवण झाल्यावर त्याला गॅलरीत गाठलं.

"काय रे परभ्या, पोरगा दारू पितो?"

"नाही."

"कमवत नाही?"

"स्वतःची होडी आहे त्यांची."

"मग?"

"आक्का, ते कॅथलिक, आपण प्रोटेस्टंट. त्यांचे संत, त्यांच्या मूर्ती, मेणबत्त्या. मी मंडळीतला वडील माणूस. पोरांना काय तोंड दाखवू?" मग घसा खाकरून म्हणाला, "आणि राग सगळाच वाईट नसतो. शास्त्रात देवसुद्धा रागावतो. तो पवित्र राग. माझाही तसलाच आहे."

आता सांगा, ज्याचा राग पवित्र, त्याची समजूत कशी काढायची? मी शाळेत गेलेली नाही. शास्त्राच्या पानांवर आणि पुड्याच्या कागदांवर वाचायला शिकले. याच्याशी शास्त्रावर वाद घालायची माझी काय टाप!

हे सगळं शेजारच्या अन्नम्माने ऐकलं. मुलुंडच्या भिंती हो, त्यांना कान नसतात, त्या स्वतःच कान असतात. अन्नम्मा केरळची, इस्पितळात नर्स, मराठी झकास बोलते. ती हुरडा खाता खाता म्हणाली, "भाऊ, आमचे अच्चन येशूची भाषा जाणतात. त्याच्या घरातली. त्यांना विचारा ना, राग म्हणजे काय लिहिलंय ते." अच्चन म्हणजे त्यांचा धर्मगुरू. मल्याळीत त्याचा अर्थ बाप.

प्रभाकर लगेच तयार झाला. त्याला वाटलं, मूळ भाषेतून आपल्या रागावर शिक्का बसेल. मला वाटलं, बसला तर बसला, निदान माणूस घराबाहेर तरी पडेल.

घाटकोपर

त्यांची प्रार्थना घाटकोपरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. दारात चपलांचा ढीग. आपल्याकडे देवळात चपला घालून जातात, इथे अनवाणी. बायका एका बाजूला, डोईवर पदर. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. आणि उभं किती राहायचं! आपण दोन गाणी झाली की बसतो. माझ्या पायांना रग लागली. अन्नम्मा कानात म्हणायची, "आत्ता संपेल," आणि ते पुन्हा धूप फिरवायचे, पुन्हा पडदा सरकायचा. भाषा निम्मी मल्याळी, निम्मी सुरियानी, म्हणजे तीच येशूच्या घरातली. मला दोन्ही सारख्याच, पण ऐकत राहावंसं वाटत होतं. विहिरीत कोणी गात असावं, तसा आवाज.

नंतर चहा आणि केळ्याचे काप. खोबरेल तेलात तळलेले! मी आधी हुंगूनच पाहिले. आपण जे केसांना लावतो त्यात हे तळतात. पण एक खाल्ला आणि मग अन्नम्माने परातच माझ्याकडे सरकवली.

अच्चन म्हातारे, पांढरी दाढी, काळी टोपी, चहात बिस्किट बुडवून खाणारे. मला बरं वाटलं. बिस्किट बुडवणाऱ्या माणसाला काहीही विचारता येतं. प्रभाकरने मात्र हात मागे बांधून, वर्गात विचारतात तसं विचारलं, "फादर, प्रभू की भाषा में क्रोध को क्या कहते हैं?"

"रुग्सा," अच्चन म्हणाले. खरं तर त्या शब्दात 'झ' आहे, रुग्झा; पण मल्याळी जिभेवर झचा स होतो, असं अन्नम्मानेच मागाहून सांगितलं. मला काय ठाऊक! मी ऐकलं रुग्सा, आणि तोंडातून निघून गेलं, "अगंबाई, म्हणजे आपला रुसवाच की!"

"आक्का, गप," प्रभाकर पुटपुटला.

पण अच्चनना कुतूहल वाटलं. रुसवा म्हणजे काय, म्हणून विचारू लागले. आता रुसवा हिंदीत कसा सांगायचा? मी म्हटलं, "अच्चनजी, गुस्सा सब पे आता. रुसवा सिर्फ अपने लोग पे. रुसा हुआ आदमी कोने में बैठता, पर कान इधर रखता. कोई मनाने आता क्या, देखता." आणि बोट सरळ प्रभाकरकडे केलं. आजूबाजूच्या बायका हसल्या. त्यांना माझं हिंदी कितपत कळलं देव जाणे, पण बोट सगळ्यांना कळतं.

अच्चनही हसले. मग मान हलवली. "नहीं माताजी. अच्छा है, लेकिन वो नहीं. रूठना नहीं. हिलना." त्यांनी बिस्किट बशीत ठेवलं आणि हात पुढे धरला. म्हातारा हात, आपसूक थोडा थरथरत होता. "ये देखो. ये हिलता है ना? उस शब्द के पेट में ये है. काँपना."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. येशूच्या घरात जी भाषा बोलत होते, अरामी, तिच्यात हा शब्द राग म्हणून वापरतात. तिची एक बहीणभाषा आहे, इब्री, जुन्या करारातली. तिच्यात त्याच तीन अक्षरांचा शब्द आहे, पण तिथे त्याचा अर्थ राहिला थरथर कापणं, हादरणं. रागाने, भीतीने, दुःखाने, कशानेही. एक बहीण म्हणते रागावला, दुसरी म्हणते हादरला. जसं आपल्याकडे एक जाऊ म्हणते नवरा तापट आहे, दुसरी म्हणते भित्रा आहे, आणि माणूस एकच.

प्रभाकर म्हणाला, "पण देवाचा राग पवित्र असतो ना, फादर?"

"देव का देव जाने. आप बाप हो?"

"हो. एक मुलगी."

"तो वो राजा याद करो, जिसका बेटा उसी से लड़ने निकला, और लड़ाई में मर गया. खबर आई, तब राजा ने क्या किया?"

जुन्या करारातली ही गोष्ट प्रभाकर पोरांना दर वर्षी शिकवतो. म्हणाला, "वेशीवरच्या माडीत चढून गेला आणि रडला."

"चढने से पहले?"

प्रभाकर आठवू लागला. आठवेना.

"काँपा," अच्चन म्हणाले. "पहले काँपा, फिर चढा, फिर रोया. वही तीन अक्षर. इतने दिन बेटे पे गुस्सा था, सब बोलते थे गुस्सा. शब्द को मालूम था, अंदर क्या है." आणि त्यांनी बिस्किट पुन्हा उचललं, तर ते चहाने मऊ होऊन तुटलंच. "गया," म्हणाले, आणि चमच्याने काढून खाल्लं.

घरी येईपर्यंत प्रभाकर खिडकीबाहेर पाहत होता. मी मात्र बोलत होते, केळ्याच्या कापांबद्दल. काहीतरी बोलायला हवं ना!

वेसावे

दुसऱ्या दिवशी करुणा कामाला गेल्यावर तो म्हणाला, "आक्का, मढ एकदा पाहून येऊ. लग्नाला नाही. नुसतं पाहायला."

"चल की," मी म्हटलं, आणि उरलेली कणसं घेतली. लोकांच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं, नुसतं पाहायला गेलं तरी.

वेसाव्याच्या धक्क्यावर मासळीचा असा वास की आधी नाकाला पदर लावला, मग लोकलाजेने काढला, मग वास येईनासाच झाला. कोळणी हातभर बांगड्या घालून पाट्यांपुढे बसलेल्या. एकीने हाक मारली, "ये गो म्हातारे, कोलंबी घे!" मी म्हटलं, "म्हातारी कोण, तुझ्यापेक्षा दात जास्त आहेत मला!" ती तोंड उघडून हसली. माझंच खरं निघालं.

पलीकडे मढ समोर दिसतं. एवढंसं पाणी. पण आमच्या नगर जिल्ह्यातल्या माणसाला एवढंसं म्हणजे केवढं! आम्ही टँकरपुढे घागरी लावणारी माणसं. इतकं पाणी, आणि एक घोट पिता येत नाही, याचा मला रागच आला. होडीत चढायला एक फळी टाकलेली. मी सपाता हातात घेऊन गेले. मागे वळून पाहते तर प्रभाकर फळीच्या अलीकडेच.

"काय रे?"

"तू हो पुढे. मी... पुढच्या होडीने येतो."

"काका, पुढची होडी पन पान्यातूनच जाते," होडीवाला म्हणाला.

तो आला. माझ्याशेजारी बसला आणि माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. होडी हलली की त्याचा हात घट्ट व्हायचा. त्याचे गुडघे थरथरत होते. मी खाली पाहिलंच नाही असं दाखवलं. नोकरीची सगळी वर्षं मुंबईत गेली, पण पाण्यावर हा माणूस कधी गेलाच नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. आणि त्याची लेक तर हीच वाट रोज करणार होती. आणि जावई तर या पाण्यापलीकडच्या पाण्यात जाणार.

मढ

होडीतून उतरून चालू लागलो तर रस्ता अडवलेला. एका बंगल्यात सिनेमाचं शूटिंग. चंदेरी फळ्या धरून माणसं उभी, आणि पायऱ्यांवर नट. हाच तो नट, बायांनो. नाव सांगत नाही, कारण पडद्यावर दिसतो त्याच्या निम्माच आहे, उगाच तुमचा विरस नको. त्याने म्हाताऱ्या बापाला 'निकल जाइये' म्हणायचं होतं. म्हणायचा, आणि दिग्दर्शक ओरडायचा, "कट! गुस्सा किधर है? काँपो यार! होंठ काँपो!" मग एक पोऱ्या येऊन नटाच्या कपाळावर पाणी शिंपडून घाम करायचा. पुन्हा तेच. ओठ काही कापेनात. शेवटी नटाने गालच हलवले, म्हैस रवंथ करते तसे.

मी प्रभाकरला ढोसलं. "अच्चनना विचारायला हवं, हा कुठला रुग्सा?"

त्याने आधी तोंड वळवलं, मग खांदे हलू लागले. इतका हसला की चंदेरी फळीवाला म्हणाला, "काका, सायलेन्स."

पास्कलचं घर कोळीवाड्यात, दारात बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत टांगलेले, जणू कोणी पांढऱ्या नाड्या धुऊन घातल्यात. त्याची आई लिझाबाय, काष्ट्याचं लुगडं, गळ्यात क्रूस, केसांत अबोलीची वेणी. आम्ही कोण हे सांगितल्यावर तिने हात लुगड्याला पुसले. मग म्हणाली, "आयलास! बस ना. बस गो बाय. आमचे पास्कलनं सांगितलेलं, व्याही रुसलाय म्हनून. काय घाबराचं कारन नाय. आमचेकडं एकतरी मानूस रुसल्याबिगर लगीन लागतच नाय. माझे लग्नान तीन मामं रुसलेलं."

मी प्रभाकरकडे विजयी मुद्रेने पाहिलं. शब्दाचा अर्थ चुकला असेल, पण माणूस ओळखण्यात मी चुकले नव्हते.

ती आत गेली तोच प्रभाकरने माझी बाही ओढली. "आक्का, ते बघ." स्वयंपाकघराच्या फळीवर बिअरच्या बाटल्यांची रांग. "पोरगा दारू पीत नाही म्हणे! अख्खं घर पितंय!"

लिझाबायने ऐकलं. तिने एक बाटली आणली, बूच काढलं आणि त्याच्या नाकाशी धरली. प्रभाकर असा शिंकला, असा शिंकला, की चष्मा उडून बोंबलांत पडला. मसाला होता हो! हे लोक वर्षाचा लाल मसाला कांडून बाटल्यांत ठासून भरतात, हवा लागू नये म्हणून. आपण डब्यात ठेवतो आणि मग वास गेला म्हणून रडतो. मी येताना युक्ती घेऊन आले, पण आमच्या वस्तीत रिकाम्या बाटल्या मागायच्या कोणाकडे, हा प्रश्नच आहे.

जेवायला तांदळाची भाकरी, तोच मसाला घातलेलं कोलंबीचं कालवण, आणि फुगे, म्हणजे तळलेल्या पावाचे गोळे, आत पोकळ. इतक्यात पास्कल आला. जाळं विणायची सुई कानावर खोचलेली. पोरगा काळा, उंच, लाजरा. प्रभाकरला पाहून त्याने सुई काढली, पुन्हा खोचली, आणि "सलाम, पप्पा" म्हणाला. आपल्या मंडळीत भेटल्यावर म्हणतात तो सलाम हा, त्यांच्यात नाही तसा. करुणाने शिकवला असणार.

प्रभाकरने सलामाला उत्तर दिलं नाही. तो जेवण सोडून त्याच्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, आता संत आणि मेणबत्त्या निघणार. आणि त्याने विचारलं, "तुला पोहता येतं का?"

घर हसलं. दारातली शेजारीण हसली, पास्कलची बहीण तर कालवणाचं भांडं खाली ठेवून हसली. कोळ्याच्या पोराला कोणी विचारतं, पोहता येतं का?

"गप रे सगळे!" लिझाबाय ओरडली. "हसता काय? बाप हाय तो."

मग ती त्याच्यासमोर बसली. "येतं त्याला. पन खोटं नाय सांगत. दर्यात पवनं कामाचं नसतं, होडी कामाची असते, आन देवाची मर्जी. आमचा म्हातारा आता मासळीला दर्यातच हाय. माझे केस पिकलं, तरी होडी निघते तवा मना कापरं भरतं."

"मग तुम्ही काय करता?" प्रभाकरचा आवाज अगदी बारीक.

"काय करनार? भांडतंय." तिने पदराने कपाळ पुसलं. "निघायचे टायमाला कचाकचा भांडतंय. भाकरी का टाकलीस, डबा का इसरलास, जाळं असं का बांधलंस. अख्खा कोळीवाडा ऐकतो, बोलतो लिझाबाय लय तापट. म्हाताऱ्याला बरोबर ठावं हाय. तो हसत जातो."

बाहेर बोंबलांवर कावळा बसला, त्याला शेजारणीने हाकललं.

"रुग्सा," प्रभाकर हळूच म्हणाला.

"काय म्हनलास?"

"काही नाही, विहीणबाई. भाकरी वाढा."

विहीणबाई! मी फुगा तोंडात घातला होता तो गिळायचा कसा, कळेना. लिझाबायने भाकरी वाढली, एक मागितली तिथे दोन. मग पास्कलने प्रभाकरला मागीलदारी नेऊन होडी दाखवली, इंजिन दाखवलं, बुडताना धरायच्या हवा भरलेल्या ट्यूबा दाखवल्या. प्रभाकर टाइमकीपर माणूस, प्रत्येक दोरीला हात लावून, ओढून पाहत होता.

पुन्हा मुलुंड

संध्याकाळी करुणा कामावरून आली. चप्पल काढतेय तोच प्रभाकर दिवाणावरून उठला. कुसुम आणि मी स्वयंपाकघरात बोंबील भिजत घालत होतो.

"होडीत कुठे बसतेस तू?" त्याने विचारलं. सरळ तिलाच. कुसुमला मधे न घालता.

करुणा इतकी दचकली की तिने आईकडेच पाहिलं.

"तिच्याकडे काय बघतेस? मी विचारतोय! कडेला बसत असशील, पाण्यात हात घालून. मधे बसायचं, फळी धरून! आणि साडी आवरून! किती वेळा सांगायचं?"

"पप्पा, तुम्ही कधी सांगितलंत? महिने झाले, बोललात तरी का माझ्याशी?" तिचा आवाज चढला. बापाचीच लेक.

"आणि त्या ट्यूबा! एक तर पंक्चर आहे. त्याला सांग, नवी आणल्याशिवाय पोरगी मिळणार नाही!"

"तुम्ही मढला गेला होतात?"

"विषय बदलू नकोस! आणि मामाला कशाला बोलावलंस? त्याचे गुडघे धड नाहीत. त्याला फळीवरून कोण उतरवणार?"

"मग मला देवळात कोण नेणार?" करुणा रडत ओरडली.

"कोण म्हणजे? बाप मेलाय का?"

तिकडे अन्नम्माचं दार उघडल्याचा आवाज आला. कुसुमचे बोंबलाचे हात तसेच हवेत. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दात दिसत होते. बाहेर आवाज आणखी चढले, आता होडीच्या इंजिनावरून.

"वन्सं," ती कुजबुजली, "मिटवायला जाऊ का मी?"

"खबरदार," मी म्हटलं.